गरोदरपणात बीपी वाढलं, त्यात शिशाचा काय संबंध?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, एक इशारा काढला. बाहेरून येणारी काही भांडी, त्यात भारतात बनलेली अॅल्युमिनियम-हिंडालियमचीही आली, स्वयंपाकात शिसं सोडतात, ती विकू नका. मग काय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तो इशारा लाल अक्षरांत, खाली दहा हात जोडून फिरला आणि त्याच्याच खाली कोणीतरी दुसरी लिंक टाकली की शिशामुळे गरोदर बायकांचं बीपी वाढतं. माझी मामेबहीण नागपुरात मानेवाड्याला राहते, सातवा महिना, बीपी १४२/९२ निघालेलं. तिचा लगेच फोन. "ताई, माझं बीपी हिंडालियमच्या कढईनं वाढलं का? सासूबाई म्हणून राहिल्या, तूच काहीतरी खाल्लं असशील."

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न नीट उलगडून सांगण्यासारखा आहे, कारण यात खरं बरंच आहे आणि घाबरवणारं त्याहून जास्त फिरतं आहे. आणि "तू काय खाल्लं" या प्रश्नाचं उत्तर तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलटंच आहे.

## आधी बीपीचं बघू

गरोदरपणाचे २० आठवडे झाल्यावर बाईचं बीपी पहिल्यांदाच १४०/९० किंवा वर गेलं, आणि काही तासांनी परत मोजलं तरी तेवढंच भरलं, तर ते गरोदरपणातलं बीपी. सोबत लघवीतून प्रोटीन जायला लागलं, किंवा किडनी, लिव्हर, प्लेटलेट यांच्यात बिघाड दिसला, की त्याला म्हणतात प्री-एक्लॅम्पसिया. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. यातच झटके आले की एक्लॅम्पसिया, आणि तिथे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. जगात १०० गरोदर बायकांमागे साधारण २ ते ८ जणींना प्री-एक्लॅम्पसिया होतो, म्हणजे काही फार दुर्मिळ गोष्ट नाही.

तपासणीला गेल्यावर सिस्टर छोट्या डबीत लघवी आणायला सांगतात आणि त्यात एक कागदी पट्टी बुडवतात ना, ती यासाठीच. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला तर ठीक, हिरवट व्हायला लागला तर प्रोटीन जातंय. एका मिनिटाचं काम आहे. पण कित्येक जणी "लघवीला येतच नाही आहे" म्हणून डबी तशीच ठेवून निघून येतात. तसं करू नका.

हा आजार सुरू होतो वारेपासून, म्हणजे प्लॅसेंटापासून. बाळाला रक्त पुरवण्यासाठी गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात. त्या नीट रुंद झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं, मग वार काही असे पदार्थ आईच्या रक्तात सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, पाणी झिरपून सूज येते. हे का सुरू होतं याची कारणं एक नाही, अनेक आहेत. पहिलं बाळंतपण, जुळं, आधीपासूनचं बीपी, शुगर, किडनीचा आजार, वजन जास्त असणं, आईला किंवा बहिणीला झालेलं असणं. शिसं या यादीतलं एक नाव आहे. यादी म्हणजे शिसं नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

## शिसं अंगात जाऊन बसतं कुठं

शिसं म्हणजे तेच, इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतं ते. जड, मऊ, स्वस्त, लवकर वितळणारं. शरीराला त्याचा काडीचा उपयोग नाही. लोखंड लागतं, जस्त लागतं, तांबंसुद्धा किंचित लागतं, शिसं शून्य.

मग ते टिकतं कसं? कारण शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. समजा शिसं म्हणजे खोटी नोट आणि तुमचं हाड म्हणजे बँक. बँकेच्या मशीनला खोटी नोट ओळखताच येत नाही, ती कॅल्शियमच्या नोटांसोबत मोजली जाते आणि एफडीत जमा होते. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं असं हाडांत असतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, पण हाडातलं निम्मं व्हायला दहा, वीस, तीस वर्षं लागतात.

आता हिशोब करा. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं पूर्ण बंद झालं ते २००० साली. म्हणजे १९९५-९६ ला जन्मलेली पोरगी, जी आज पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाच्या वयात आहे, ती चार-पाच वर्षांची होईपर्यंत लुना-स्कूटरच्या धुरातून शिसं घेत होती. घराच्या भिंतीच्या नि दाराच्या ऑइलपेंटमध्ये शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती तर २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्या आधीच्या दारांचे पोपडे, खिडकीच्या गजांचा रंग, शाळेच्या बेंचचा रंग, हे सगळं लहानपणी नखांतून तोंडात गेलेलं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालानं जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं ५ च्या वर असल्याचा अंदाज दिला होता आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं एकट्या भारतात. (हा ५ म्हणजे एक डेसिलीटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम. पुढे नुसता आकडा देते.) २०२२ मध्ये नीती आयोग आणि सीएसआयआर (सरकारची वैज्ञानिक संशोधन परिषद) यांचा अहवाल आला, त्यातही २३ राज्यांची सरासरी ५ च्या वर होती. आपल्या नागपूरची नीरी ही पर्यावरण-संशोधन करणारी संस्था त्याच सीएसआयआरची, म्हणजे हा काही परदेशातून आलेला बागुलबुवा नाही.

## आणि सातव्या महिन्यात एफडी मोडते

बाळाच्या हाडांसाठी जन्मापर्यंत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या जेवणातून तेवढं आलं तर उत्तम. नाही आलं तर शरीर बाळाला उपाशी ठेवत नाही, आईची एफडी मोडतं, हाडातून कॅल्शियम काढतं. आणि एफडी मोडली की त्यात वीस वर्षांपूर्वी जमा झालेल्या खोट्या नोटाही बाहेर येतात. म्हणजे आई आज अगदी स्वच्छ खात असली, स्टीलमध्येच शिजवत असली, तरी तिच्या रक्तात शिसं वाढू शकतं. वार ते अडवत नाही, बाळाच्या नाळेतल्या रक्तातलं शिसं आईच्या जवळपास बरोबरीनंच असतं.

म्हणून सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं की हे बहुतेक वेळा तिनं सात महिन्यांत खाल्लेलं नसतं, ती पाच वर्षांची असताना तिला नकळत दिलं गेलेलं असतं. तिच्या माहेरच्या गल्लीनं, रस्त्यानं, रंगानं. बाईला जाब विचारण्यात काही अर्थ नाही. दूध-दही, तीळ, नाचणी, गोळ्या वेळेवर देण्यात आहे.

## रक्तवाहिन्यांना शिसं करतं काय

हा भाग थोडक्यात. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू बनवतं, त्यानं वाहिन्या सैल राहतात. शिसं तो कमी करतं आणि वाहिन्या आवळणारे पदार्थ वाढवतं. पेशींना गंज चढल्यासारखं नुकसान करतं. किडनीच्या बीपी सांभाळण्याच्या कामात ढवळाढवळ करतं. गरोदर नसलेल्या माणसांतही शिशानं बीपी वाढतं हे खूप आधीपासून माहीत आहे, लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये २०२३ ला आलेल्या अभ्यासात तर २०१९ या एका वर्षात जगात ५५ लाख लोक शिशामुळे झालेल्या हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं गेले असा अंदाज होता. गरोदरपणात आधीच वाहिन्यांवर जास्तीचं काम, त्यात हे.

## "पण पुरावा पक्का आहे का? की नुसतं घाबरवणं आहे?"

योग्य प्रश्न. पुरावा भरपूर आहे पण तो कोर्टात लगेच शिक्षा होईल असा नाही. १९८७ मध्ये बोस्टनला हजारो बाळंतपणांत नाळेतल्या रक्ताचं शिसं तपासलं, तेव्हा जास्त शिसं आणि गरोदरपणातलं बीपी यांचा संबंध दिसला, प्री-एक्लॅम्पसियाशी मात्र नाही दिसला. तेहरानच्या अभ्यासांत प्री-एक्लॅम्पसियाशीही दिसला. फ्रान्समध्ये २००९ ला आलेल्या अभ्यासात बायकांच्या रक्तातलं शिसं सरासरी २ च्या आसपासच होतं, म्हणजे अगदीच कमी, तरीही ज्यांचं त्यातल्या त्यात जास्त त्यांच्यात बीपीचं प्रमाण जास्त.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास लॉस एंजेलिसचा, २००२ चा. त्यात रक्ताबरोबर हाडातलंही शिसं मोजलं, एका खास एक्स-रे पद्धतीनं, टाचेच्या आणि नडगीच्या हाडात. टाचेच्या हाडात शिसं जास्त, तर शेवटच्या तीन महिन्यांत बीपी वाढण्याची शक्यता जास्त. नडगीच्या हाडाशी तसं काही दिसलं नाही. टाचेचं हाड आतून स्पंजासारखं, तिथून देवघेव पटकन होते, नडगीचं हाड घट्ट, तिथून हळू. म्हणजे एफडी मोडण्याच्या गोष्टीशी हे बरोबर जुळतं.

आता उलट बाजू. प्री-एक्लॅम्पसियात आईच्या रक्तातलं पाणी कमी होतं, रक्त घट्ट होतं, त्यामुळे मोजलं की शिशाचा आकडा आपोआप मोठा दिसू शकतो. किडनी बिघडली की शिसं बाहेर टाकायलाही वेळ लागतो. म्हणजे कोण कोणामुळे, हा घोळ काही अभ्यासांत राहतो. शिवाय गरीब वस्तीत शिसंही जास्त आणि जेवणातलं कॅल्शियमही कमी, दोन्ही एकत्रच असतं, ते वेगळं काढणं कठीण. माझं मत विचाराल तर: शिसं एकट्यानं प्री-एक्लॅम्पसिया करतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि काहीच संबंध नाही म्हणत असेल तर त्याच्यावरही नका.

## "आमच्या आज्ज्या पितळेतच शिजवत होत्या, त्यांना काय झालं?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. पहिली गोष्ट, काय झालं ते कोणी मोजलंच नव्हतं. बीपी मोजायचं मशीन गावात नव्हतं, झटके आले तर बाहेरची बाधा म्हणायचे, बाळंतपणात बाई गेली तर नशीब. ज्या जगल्या त्यांच्या नाती आज ही गोष्ट सांगतात.

दुसरी गोष्ट, पितळ आणि कल्हई. आपल्या शेजारचं भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच ओळखलं जातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पण ते कापायला-घासायला सोपं जावं म्हणून काही पितळेत थोडं शिसंही घालतात. वर कल्हई असते ती कथिलाची. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर होतो, मग कथिलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवतो की चांदीसारखा थर बसतो. त्या कांडीत शुद्ध कथिल असेल तर छानच. पण कथिल महाग आणि शिसं स्वस्त, दोन्ही एकत्र केलं तर आणखी लवकर वितळतं, कारागिराचं काम सोपं. फक्त चमक थोडी मंद. आणि आपण मात्र ती कांडी कधी बघतही नाही, भांडं किती चमकलं तेवढंच बघतो.

हिंडालियम नि स्वस्त अॅल्युमिनियमचा प्रश्न वेगळा. ते बऱ्याचदा भंगारातून वितळवून ओततात, भंगारात काय काय येतं ते भंगारवाल्यालाही माहीत नसतं. आंबट पदार्थ जास्त वेळ शिजला की धातू जास्त सुटतो. म्हणून कढी, अंबाडीची भाजी, चिंच-टमाटर घातलेला रस्सा त्या कढईत शिजवून रात्रभर तसाच ठेवू नका. मामेबहिणीला मी एवढंच सांगितलं की बाई, सगळी भांडी आजच फेकायची घाई नको, आंबटासाठी स्टीलचं पातेलं काढ आणि फोडणीच्या भाज्यांना लोखंडी कढई. लोखंड थोडं सुटलं तर हवंच आहे, हिमोग्लोबिन ९ आहे तुझं.

## नागपुरात शिसं येतं कुठून

सगळ्यात आधी ज्यांच्या घरात कोणी बॅटरीचं, भंगाराचं, रंगाचं, सोल्डरिंगचं काम करतं त्यांनी हे वाचावं. ई-रिक्षा आणि इन्व्हर्टर यांच्या जुन्या बॅटऱ्या घरामागे फोडून प्लेटा वितळवणं हा शिशाचा सर्वात वाईट मार्ग आहे, धूर बसतो तो अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या हातांवर. नियम २०२२ चे आहेत, बॅटरी अधिकृत ठिकाणीच परत द्यायची, पण रोख पैसे देणारा भंगारवाला दारात उभा असतो. तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजात जाळ्याला लावायचं वजन शिशाचं असतं, ते घरच्या चुलीवर वितळवलं जात असेल तर गरोदर बाई नि लेकरं त्या जागी नकोत. सराफा ओळीत सोनं-चांदी गाळणं, चितारओळीत मूर्तींना रंग देणं, जुन्या वाड्याची दारं घासपेपरनं घासणं, ही सगळी तशीच कामं. नवऱ्यानं कामाचे कपडे बाहेर बदलावे, हात धुऊन मगच आत यावं, ते कपडे घरच्या बाईच्या नि बाळंत्यांच्या कपड्यांत एकत्र धुवू नयेत. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. आणि डोहाळजेवणाच्या निमित्तानं घराला रंग काढणार असाल तर जुना रंग खरवडताना तिला चार दिवस माहेरी पाठवा.

हळद. काही ठिकाणी हळकुंडाला पिवळीजर्द चमक यावी म्हणून लेड क्रोमेट नावाचा रंग चोपडतात, त्यात शिसं असतं. बांगलादेशात २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत हे सापडलं, सरकारनं धाडी टाकल्या, लोकांना सांगितलं आणि २०२१ पर्यंत तो आकडा शून्यावर आला. म्हणजे ठरवलं तर होतं. भारतातल्या तपासणीत पाटण्याचे नमुने फार वाईट निघाले होते. आपल्याकडे सुदैवानं वर्धा जिल्ह्यातली वायगाव हळद आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेऊन गिरणीतून दळून आणता येते. पण "आम्ही हळकुंडच घेतो" म्हणून निश्चिंत होऊ नका, रंग तर हळकुंडालाच चोपडतात. खूप चकचकीत, एकसारखं पिवळं हळकुंड दिसलं तर सोडा, मळकट दिसणारं घ्या.

शेंदूर आणि सिंदूर. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. सिंदुराचं अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठानं २०१७ ला पाहिलं, भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ७८ टक्क्यांत शिसं मिळालं. कातडीतून ते फार आत जात नाही, हाताला लागून तोंडात जातं. कुंकू लावायला कोणी मनाई करत नाही. हळदीचं कुंकू असेल तर उत्तम, आणि शेंदूर लागलेल्या हातानं प्रसाद खाऊ नका.

आता नाजूक मुद्दा, औषधं. रसौषधींमध्ये, म्हणजे भस्म घातलेल्या आयुर्वेदिक औषधांत, नागभस्म असतं. ते शिशाचंच भस्म. गर्भपाल रस नावाच्या जुन्या औषधात ते घटक म्हणून येतं आणि नावावरून तर वाटतं गरोदर बाईलाच द्यावं. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ ला सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं खूप चढलेलं सापडलं, सगळ्या जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. मुलगाच व्हावा म्हणून कोणाकडून तरी आणलेल्या पुड्यांचं तर विचारूच नका, त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि मुलगा की मुलगी ते गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. शतावरी, आवळा यांच्याबद्दल मी बोलत नाही आहे, भस्म आणि रस यांच्याबद्दल बोलते आहे. वैद्यांना सरळ विचारा, "यात नागभस्म आहे का जी?"

शेवटचं, डोहाळे. माती, भाजलेल्या खापराचे तुकडे, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे खूप जणींना होतं आणि बहुतेक जणी लाजेनं सांगत नाहीत. त्याच्यामागे बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी असतं. आणि गंमत बघा, लोह कमी असलं की आतडी शिसंही जास्त शोषतात. माती खाल्ली, मातीतलं शिसं आलं, ते जास्तच शोषलं गेलं. म्हणून पोरीला रागावू नका, डॉक्टरला सांगा, लोहाची गोळी नियमित झाली की ती इच्छा बरेचदा आपोआप जाते.

## टेस्ट करायची का?

सगळ्यांनी नाही. रक्तातलं शिसं मोजायची टेस्ट असते, शिरेतून रक्त घेतात, ठरावीक लॅब ते पुढे पाठवतात. वर सांगितलेल्यांपैकी काही लागू होत असेल, म्हणजे घरात बॅटरीचं काम, माती खाणं, भस्माची औषधं, तर डॉक्टरला विचारून करावी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा वर आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, आणि गरोदर बाईच्या जेवणात कॅल्शियम कमी असेल तर ते द्या. ४५ च्या वर गेलं तर शिसं बाहेर काढायच्या औषधाचा विचार होतो, तोही मोठ्या हॉस्पिटलात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्याच्या खालच्या आकड्याला घरी डिटॉक्स ज्यूस, कोथिंबिरीचा काढा, ऑनलाइन मिळणाऱ्या हेवी मेटल क्लीन्सच्या कॅप्सूल, यातलं काहीही घेऊ नका.

आणि एक खरं सांगू, ही टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून बीपी मोजणं सोडायचं नाही, पॉझिटिव्ह आली म्हणून बीपीची ट्रीटमेंट बदलत नाही. शिशाचा शोध हा वेगळा, बीपी हे आजचं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत तज्ज्ञ डॉक्टरकडून फुकट तपासणी होते. नागपुरातली डागा, मेयो, मेडिकल, एम्स ही हॉस्पिटलं, जवळ जे असेल तिथे जा, पण बीपी आणि लघवी दर वेळेस तपासून घ्या.

## "मिठ बंद केलं, टेन्शन घेत नाही, अजून काय?"

मीठ एकदम बंद करून प्री-एक्लॅम्पसिया टळतो याला आधार नाही, नेहमीचं बेतानं खा. टेन्शननं त्या क्षणाचं बीपी वाढतं, आजार होत नाही. ज्याला आधार आहे ते दोन. ज्यांना धोका जास्त त्यांना डॉक्टर कमी डोसची अॅस्पिरिन तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून देतात, स्वतःहून घ्यायची नाही. आणि कॅल्शियम, ते सगळ्यांसाठी.

कॅल्शियमची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, १४ आठवड्यांपासून ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, बाळंतपणानंतर सहा महिने. कमी कॅल्शियम खाणाऱ्या बायकांमध्ये यानं प्री-एक्लॅम्पसिया कमी होतो. बंगळुरूत आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ ला आला, त्यात दिवसाला ५०० आणि १५०० मिलिग्रॅम यांत प्री-एक्लॅम्पसियाच्या बाबतीत फारसा फरक नव्हता. म्हणजे एखादी गोळी राहिली म्हणून रडू नका, पण पूर्ण सोडू नका. शिशासाठीही तीच गोळी. मेक्सिको सिटीत २००९ च्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. कारण सरळ आहे, बाहेरून खऱ्या नोटा आल्या की एफडी कमी मोडावी लागते.

कॅल्शियम जेवणासोबत घ्या आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही. माझी बहीण दोन्ही गोळ्या एकदमच गिळत होती, का तर नंतर विसरते म्हणून. आता लोहाची रात्री झोपताना आणि कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत असं ठरवून घेतलं आहे. तेवढ्यानं आठवणीत राहतं.

डोकं सतत ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसतंय, छातीच्या खाली उजवीकडे दुखतंय, तोंड नि हात अचानक सुजलेत, किंवा बीपी १६०/११० झालं, तर "उद्या दाखवू" म्हणायचं नाही. १०८ लावा किंवा १०२, रात्र असली तरी. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं, जुनं, स्वस्त आणि चांगलं काम करणारं, पण ते वेळेत मिळालं पाहिजे.

## बाळंतपण झालं की सुटलो?

बीपी बहुतेकींचं काही आठवड्यांत खाली येतं. पण प्री-एक्लॅम्पसिया बाळंतपणानंतरही पहिल्यांदा होऊ शकतो, म्हणून सव्वा महिना माहेरी आराम चालू असताना मधे एकदा बीपी मोजून घ्या, फक्त तेल-मालिश आणि डिंकाचे लाडू यावर थांबू नका. दूध पाजताना हाडातून कॅल्शियम जातच असतं म्हणून गोळी चालू ठेवायची. थोडं शिसं दुधात उतरतं पण ते इतकं कमी असतं की दूध बंद करायचं कारण नाही, आईच्या रक्तात आकडा ४० च्या वर असेल तरच डॉक्टर वेगळं काही सांगतात.

बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, सुरमा तर अजिबात नको, सुरम्यात शिशाचा सल्फाइड असू शकतो. हे आज्जीला सांगणं अवघड असतं, मला माहीत आहे. आमच्याकडे तोडगा असा निघाला की तीट कानामागे लावायची, घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळाची, डोळ्यांत नाही.

आणि ज्यांना प्री-एक्लॅम्पसिया झाला होता त्यांनी डिस्चार्ज कार्ड फाईलला लावून ठेवा. अशा बायकांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयाच्या आजाराचा धोका जास्त असतो, पण चाळिशीत फिजिशियनकडे गेल्यावर बाळंतपणात काय झालं होतं हे कोणी विचारत नाही आणि आपल्याला सांगायचं सुचत नाही. विचारलं नाही तरी कार्ड पुढे ठेवा, वर्षातून एकदा बीपी आणि शुगर बघून घ्या.